पुलावरचा वाटसरू

काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद आमच्या साहित्यशास्त्रकारांनी केले, तेव्हा नभोवाणी नव्हती. ती असती तर त्यांना बहुधा आणखी एक प्रकरण लिहावे लागले असते. कारण नभोनाट्य हे नाटक असूनही दिसत नाही, आणि श्रव्य असूनही कोणी ते आपणांस वाचून दाखवीत नाही. पात्रे बोलतात, दारे वाजतात, पाऊस पडतो, आणि पाहणारा डोळा तेवढा ऐकणाऱ्याने स्वतःच्या पदरचा आणावयाचा असतो. भुताखेतांच्या कथेला याहून सोयीचे घर नाही. रंगभूमीवर भूत आले की प्रेक्षक आधी त्याचा पोशाख न्याहाळतो, आणि पोशाख न्याहाळला की भय संपले. नभोनाट्यातील भुताला पोशाखच नसतो.

हे सारे आठवण्यास कारण झाले ते एक जुने अमेरिकन नभोनाट्य. कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम या संस्थेने १९४२ ते १९६२ अशी वीस वर्षे ‘सस्पेन्स’ नावाची नाट्यमालिका चालविली. तीत २ सप्टेंबर १९४२ रोजी ‘द हिच-हायकर’ हा अर्ध्या तासाचा प्रयोग झाला. लेखिका ल्युसिल फ्लेचर. मुख्य भूमिका ऑर्सन वेल्स यांची. मंगळावरील प्राण्यांनी पृथ्वीवर स्वारी केल्याचे नाटक ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ध्वनिक्षेपित करून ज्यांनी कित्येक श्रोत्यांची गाळण उडविली, तेच हे वेल्स. ‘हिच-हायकर’ त्यांनी त्याआधी १७ नोव्हेंबर १९४१ रोजी आपल्या स्वतःच्या कार्यक्रमातही केले होते. प्रयोग त्या काळच्या रीतीप्रमाणे थेट होत. परंतु तबकड्यांवर मुद्रित झाल्यामुळे ते टिकले, आणि आज घरबसल्या कोणालाही ऐकता येतात.

कथा थोडक्यात सांगणे भाग आहे. रॉनल्ड अ‍ॅडम्स नावाचा छत्तीस वर्षांचा अविवाहित गृहस्थ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून स्वतःच्या मोटारीने कॅलिफोर्नियास निघतो. निरोपाच्या वेळी आईच्या डोळ्यांत पाणी येते. वाटेत अनोळखी माणसांना गाडीत घेऊ नकोस, असे ती बजावते आणि हा हसण्यावारी नेतो. पाऊस पडत असतो. ब्रुकलिनच्या पुलावर एक कृश, सामान्य दिसणारा माणूस हातात हलकीशी बॅग घेऊन, खांद्यांवर पावसाचे ताजे थेंब, असा उभा असतो. तो एकाएकी पदपथावरून खाली उतरतो. गाडी वळविली नसती तर तो चाकाखालीच आला असता. पुढे तासाभराने न्यू जर्सीतील पुलास्की स्कायवेवर तोच माणूस पुन्हा उभा. मग पेनसिल्व्हेनियाच्या नव्या हमरस्त्यावर (हा रस्ता १९४० च्या ऑक्टोबरात खुला झाला होता, म्हणून ‘नव्या’) तोच. पेट्रोलच्या दुकानी रॉनल्ड सहज हवापाण्याची चौकशी करतो, तेव्हा कळते की इकडे आठवडाभर पावसाचा टिपूसही नाही. त्या माणसाचे खांदे मात्र ओलेच!

यापुढील भीतीचा चढ सांगण्यापेक्षा ऐकावा असा आहे. रेल्वेच्या फाटकाशी आगगाडी धडधडत येत असताना तो पलीकडून ‘ये’ म्हणून खुणावतो. रात्री एका दुकानाचे दार रॉनल्ड ठोठावतो, तर मालक झोपेतून ओरडून त्याला हाकलून लावतो. सोबत म्हणून त्याने एका वाटसरू मुलीला गाडीत घेतले. रस्त्यात तो माणूस दिसताच त्याच्यावर गाडी घालावी म्हणून याने चक्र फिरविले. आणि मुलीला तर रस्त्यावर कोणीच दिसेना. ती जीव घेऊन पळाली. अखेर न्यू मेक्सिकोमध्ये गॅलप गावानजीक, आपल्या माणसाचा आवाज ऐकावा म्हणून तो घरी ट्रंक कॉल करतो. नाणी एकामागून एक खणखणत पडतात. आई नाही, कोणी मिसेस व्हिटनी फोन घेतात. आई इस्पितळात आहे, मनावर आघात झाला आहे. थोरला मुलगा रॉनल्ड सहा दिवसांपूर्वी ब्रुकलिनच्या पुलावर मोटार-अपघातात गेला, तेव्हापासून. तेवढ्यात फोन जोडून देणारी बाई कळविते की तीन मिनिटे संपली.

नाटक येथेच जवळजवळ थांबते आणि श्रोत्यांचा वाद येथून सुरू होतो. आमच्या घरी एका रात्री जेवणे आटोपल्यावर तीन पिढ्यांनी हे नाटक दिवे मालवून ऐकले. पुढे दीड तास जो वाद रंगला, त्यात या नाटकाविषयी घेता येण्याजोगी बहुतेक मते येऊन गेली. म्हणून ती येथे देतो.

आमच्या सूनबाई डॉक्टर आहेत. त्यांचे निदान असे की, माणूस जिवंत आहे पण भ्रमिष्ट आहे. सहा दिवस एकट्याने गाडी हाकणारा, न झोपलेला, त्याला भास होतात. फोनवरचे बोलणेही भासच. पुरावा म्हणून त्यांनी त्या मुलीची साक्ष काढली: तिला रस्त्यावर कोणी दिसले नाही ते का? निदान सुटसुटीत आहे, परंतु त्याने नाटकाची सारी हवाच जाते. शिवाय मिसेस व्हिटनींचा आवाज इतका सामान्य, इतका घरगुती आहे की तो भासातला वाटत नाही. भास माणसाला इतके नीरस उत्तर देत नसतो.

थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणते, त्यांना यात काहीच कोडे दिसले नाही. “सहावा दिवस चालला होता त्याचा,” ते म्हणाले. “गेलेल्या जीवाला आपण गेलो हे लगेच कळत नाही. आपल्याकडे दहा दिवस का करतात मग? त्या बिचाऱ्याचे कोणी काही केले नाही, म्हणून हिंडतोय मोटार घेऊन.” फ्लेचरबाईंना दशाहविधी ठाऊक असण्याचा संभव नाही हे उघड आहे. तथापि प्रेतावस्थेतील जीव वाटेवर असतो, ही कल्पना आपल्या घरांत इतकी मुरलेली आहे की हे नाटक आपल्या कानांना परके वाटतच नाही.

खरी कोंडी केली ती नातवाने. तो अभियांत्रिकी शिकतो. “आजोबा, मेलेल्या माणसाला पेट्रोल कोणी दिले? गाडी तर पुलावरच चेपली असणार. आणि तो आधीच मेला आहे, तर आगगाडीखाली बोलावून त्याला पुन्हा मारायचे कशाला?” पेट्रोलचा आक्षेप आम्ही फारसा मनावर घेतला नाही, भूतकथेत हिशेबाच्या वह्या तपासू नयेत. आगगाडीचा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्याला आमचे उत्तर असे: तो माणूस मारू पाहतो आहे, हा तर्क रॉनल्डचा आहे. नाटकातील प्रत्येक गोष्ट आपण त्याच्याच तोंडून ऐकतो. वाटसरू करतो काय, तर नुसता खुणावतो, हाका मारतो. मेलेल्याला आगगाडीचे भय कसले? ‘ये, आता तुला काही होणार नाही,’ असेच तो सांगत नसेल कशावरून? त्या मुलीचाही उलगडा मग होतो. ती घाबरली ती वाटसरूला नव्हे, रॉनल्डला. साऱ्या रस्त्यावर लोकांना भिवविणारे भूत एकच, आणि ते गाडी चालवीत होते.

येथे आमच्या जुन्या शास्त्राची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. रंगभूमीवर प्रत्यक्ष काय दाखवू नये याची यादी आपल्या नाट्यशास्त्रज्ञांनी दिलेली आहे. धनंजयाच्या ‘दशरूपका’त तीत लांबचा प्रवास आणि वध ही दोन्ही येतात, विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त दुरून हाक मारणे हेही निषिद्धांत आहे. आता पाहा: लांबचा प्रवास, दुरून मारलेली हाक आणि मृत्यू, या तिन्हींखेरीज ‘हिच-हायकर’मध्ये दुसरे आहे काय? रंगमंचावर जे शोभत नाही, ते आवाजाच्या नाटकात बिनतक्रार शोभते. मृत्यू तर येथेही दाखविलेला नाहीच. ‘गाडी वळविली नसती तर’ एवढ्या एका वाक्यात तो उरकला आहे, आणि पहिल्या ऐकण्यात ते वाक्य कोणाच्याही ध्यानात येत नाही.

टेलिव्हिजनवाल्यांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. रॉड सर्लिंग यांनी २२ जानेवारी १९६० रोजी ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेत हीच कथा दाखविली. नायकाच्या जागी नॅन अ‍ॅडम्स नावाची तरुणी आली, आणि पुलाऐवजी रस्त्यावर टायर फुटून अपघात झाला. चित्र चांगले आहे; पण वाटसरू दिसतो. एकदा दिसल्यावर तो एक गबाळा गृहस्थ ठरतो. शिवाय पावसातला पूल गेला, आणि त्याबरोबर ओल्या खांद्यांचा तो मार्मिक पुरावाही गेला. बाईंना ही कथा सुचली ती तेथेच. १९४० साली त्या पतीसह, म्हणजे संगीतकार बर्नार्ड हरमन यांच्यासह, ब्रुकलिनहून कॅलिफोर्नियास मोटारीने जात असता एक विचित्र माणूस त्यांना आधी ब्रुकलिनच्या पुलावर आणि मग पुलास्की स्कायवेवर असा दोनदा दिसला होता. नाटकाचे संगीत याच हरमन यांचे आहे. पुढे १९६० साली ‘सायको’ चित्रपटाचे संगीत देणारे तेच.

वाद असा पुलावर आणि पेट्रोलवर फिरत असताना आमच्या धाकट्या भावजय इतका वेळ गप्प होत्या. त्यांचे चिरंजीव नोकरीपायी सदा मोटारीने परगावी असतात. त्या एकदम म्हणाल्या, “भाऊजी, तो मेला की वेडा झाला हे तुम्ही मघापासून ठरवताय. त्या आईचे काय झाले, हे कोणी विचारलेच नाही. नाटक तिच्यापासून सुरू होते ना? तिने फोन उचलला असता तर तो मेला नसता.”

यावर कोणी काही बोलले नाही. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर नाटकाचा रस भयानक समजून आम्ही सारे भयाच्या मागे लागलो होतो; त्यांनी शोक दाखवून दिला. रॉनल्डला भय वाटत असते तोवर तो जिवंतच असतो. स्वतःचे नाव, वय, वर्ण तो पुन्हा पुन्हा सांगतो, पण त्याला ‘तू रॉनल्डच’ म्हणणारे माणूस जगात एकच आहे, आणि ते फोनपाशी नाही. त्याच्या घरातून अनोळखी बाई बोलते. वाटसरूपेक्षा हा आवाज अधिक परका आहे. आम्हांला विचाराल तर पुलावरचा मृत्यू खरा मानूनही, नाटकातले मरण या फोनवरच घडते.

भावजयबाईंनी त्या रात्री साडेदहा वाजता चिरंजीवांना फोन लावला. “पोहोचलास ना?” एवढेच विचारले. झोपमोड झाली म्हणून ते कुरकुरले, असे ऐकतो.

वाचकांपैकी कोणास हे नाटक ऐकावयाचे असल्यास १९४२ चा प्रयोग ऐकावा, आणि तोही एकट्याने न ऐकता चारचौघांत. कारण निम्मी गोडी नंतरच्या बोलण्यात आहे. अगदी लहान मुलांना बसवू नये. आमच्या नातवाचे अद्याप समाधान झालेले नाही. आगगाडीचा आक्षेप तो सोडीत नाही. याच फ्लेचरबाईंचे ‘सॉरी, राँग नंबर’ हे २५ मे १९४३ चे नाटक त्याने आता काढून ठेवले आहे. त्यात भूत नाही, नुसता फोन आहे.