घरचें मांजर आणि रानची शिकार

धान्याची कणगी राखावयाची तर घरांत मांजर हवें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. उंदीर खातो त्याहून नासवितो अधिक. परंतु मांजराची शिकार कणगीपाशीं संपत नाहीं. तें बांधावर, गोठ्यामागें, उसाच्या फडांत हिंडतें आणि सांपडेल तो जीव तोंडांत धरून थेट माजघरांत आणतें. आमच्या मनीनें आणलेल्या प्राण्यांची नोंद मीं कचेरींतील जुन्या संवयीनें एका वहींत ठेविली आहे. तींत घरचे उंदीर आहेत, घुशींचीं पिलें, सरडे, सापसुरळ्या, एक होला, खारीचें पिलूं, आणि तीन दिवस हंड्याखालीं दडून राहिलेला एक बेडूकहि आहे. चिचुंद्री ती मारते, पण वासामुळें खात नाहीं. उंबऱ्यावरच टाकून जाते. या वहीची घरांत पुष्कळ थट्टा होत असे. गेल्या श्रावणांतील एका रात्रीपासून ती बंद झाली.

त्या रात्रीं पावसाची झड लागली होती. दोन्ही नातवंडें माजघरांत जमिनीवर निजलीं होतीं आणि आम्ही उभयतां तेथेंच बाजेवर होतों. मध्यरात्रीनंतर मनीच्या गुरगुरण्यानें कुटुंबास जाग आली. तिनें विजेरी लावून पाहिलें, तों धाकट्याच्या उशापासून हातभर अंतरावर काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप, आणि त्याच्यासमोर पंजा उगारून बसलेली मनी.

"अहो, उठा, पण पाय खालीं सोडूं नका," एवढेंच ती म्हणाली.

मुलांना आम्हीं वरच्यावर उचलून बाजेवर घेतलें. साप पेटीखालीं शिरला. हा कवड्या असावा, त्यास विष नसतें, असें मी मोठ्या खात्रीनें बोललों. सर्पमित्रानें येऊन तो बरणींत घातला, तेव्हां ती मण्यार निघाली. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होऊन शेंपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे पट्टे मानेच्या बरेच मागें सुरू होतात, बहुधा जोडीजोडीनें असतात व शेंपटीकडे ठळक राहतात. हा भेद दिवसा पुस्तकांत पाहतांना सोपा वाटतो.

मण्यारीच्या दंशानें सूज वा वेदना फारशी होत नाहीं. निजलेल्या माणसास दंश झाल्याचें कळतहि नाहीं. पुढें कांहीं तासांनीं पोटांत दुखूं लागतें, पापण्या जड होतात आणि श्वास कोंडतो. म्हणून अंगावर खूण दिसत नसतांहि आम्हीं मुलांना तशा पावसांत सरकारी रुग्णालयांत नेलें. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत डॉक्टरांनीं त्यांना देखरेखीखालीं ठेविलें. मुलें सुखरूप होतीं. तेवढे तास कसे गेले तें लिहिण्याची मला इच्छा नाहीं.

घरीं येतांच, मनीला पोत्यांत घालून नदीपार सोडावयाचें, असें मीं जाहीर केलें. कुटुंबानें कणगीकडे बोट दाखविलें. "हिनें एक साप आणला हें खरें. पण ही गेली म्हणजे उंदीर माजतील, आणि उंदरांच्या वासावर साप आपण होऊन येतील. ते तुमच्या वहींत कोण लिहिणार?" यावर मला उत्तर सुचलें नाहीं; पोतें पुन्हां माळ्यावर गेलें.

मांजर आपल्यास नजराणा देतें, असें लाडानें म्हणतात. मनी व्याली तेव्हां मीं पाहिलें तें असें: पिलांपुढें प्रथम मेलेला उंदीर, मग अर्धमेला, शेवटीं जिवंत. पिलें नसलीं तरी निर्धास्त जागीं शिकार आणण्याची ही खोड राहते. मारून ती जाणार नाहीं. इंग्लंडांत एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, मांसप्रधान खाद्य दिलेल्या मांजरांनीं घरीं आणलेली शिकार ३६ टक्क्यांनीं घटली. रोज पांच-दहा मिनिटें मांजराशीं खेळल्यानें ती २५ टक्क्यांनीं घटली. गळ्यांत घुंगरूं बांधून मात्र फरक आढळला नाहीं. आमचीं मांजरें दूध-भाकरीवर वाढतात, हें येथें आठवावें.

आम्हीं केलें तें इतकेंच. स्वयंपाकघराच्या ज्या झरोक्यांतून मनी येत असे, त्यास बारीक जाळी मारली. दिवेलागणीनंतर ती बाहेर असेल तर बाहेर, आंत असेल तर आंत. पावसाळ्यांत जमिनीवर कोणी निजत नाहीं; बाजेवर मच्छरदाणी, आणि तिच्या कडा अंथरुणाखालीं दाबलेल्या. मांजराच्या तोंडांतील जीव हिसकावूं नये. त्यांत माणसास चावा बसतो. आणखी एक गोष्ट शेतकऱ्यानें विशेष जपावी. झिंक फॉस्फाईडचें आमिष खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराला सहज सांपडतो, आणि त्यांतील विष मांजरासहि बाधतें. मेलेले उंदीर रोज वेंचून पुरावे. तसेंच, शिकार खाणाऱ्या मांजराच्या विष्ठेंतून पसरणाऱ्या एका रोगानें शेळ्या-मेंढ्या गाभडतात. यास्तव पेंड व भुसा झांकून ठेवावा. गरोदर स्त्रियांनीं मांजराची घाण काढूं नये.

मनी अद्याप आहे. जाळी मारल्यापासून ती आपली शिकार ओट्यावर, माझ्या खुर्चीखालीं ठेवते. वहींत मीं "कोठें टाकली" असा नवा रकाना आंखला असून, कालच्या तारखेस त्यांत सरडा, ओट्यावर, जिवंत, अशी नोंद आहे.