गाळा रिकामा करून घ्यायचाय? आधी योग्य नोटीस निवडा



समजा, राजूरला गणपती मंदिराच्या रस्त्यावर तुमचा एक गाळा आहे, भाड्याने दिलेला. आता तिथे तुम्हाला स्वतःचं पूजासाहित्याचं दुकान टाकायचंय. अंगारकीची गर्दी तुम्ही दरवेळी बघताच. भाडेकरू मात्र हलत नाही. मग कुणीतरी सांगतं, "वकिलाची एक नोटीस पाठव, आपोआप निघेल."

गडबड इथेच होते. सगळ्याला चालेल अशी 'एक नोटीस' नसते. चुकीची गेली तर दावा अडकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आधी तीन प्रश्न विचारा.

१. गावाला कोणता कायदा लागू आहे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पण सगळ्या गावांना सरसकट नाही. त्याच्या अनुसूचीतले भाग आणि जिथे जुना भाडे कायदा लागू होता ते भाग, एवढ्यांनाच तो लागतो. मराठवाड्यात हा जुना कायदा म्हणजे १९५४ चा हैदराबादचा. राजूरसारख्या ग्रामपंचायतीच्या गावात गाळा असेल, तर भोकरदन किंवा जालन्याच्या वकिलांना पहिला प्रश्न हाच विचारा.

हा कायदा लागू नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०६ बघायचं. लेखी करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर महिन्याच्या भाड्यावरच्या दुकानाला १५ दिवसांची नोटीस लागते. पण जागा कारखान्यासारख्या उत्पादनासाठी दिली असेल, तर तब्बल ६ महिन्यांची! इथे बरेच जण फसतात.

२. कारण काय?

भाडे नियंत्रण कायदा लागू असेल, तर कारणाशिवाय जागा मिळत नाही.

- भाडं थकलंय: थकबाकी मागणारी लेखी नोटीस द्या. ती मिळाल्यापासून ९० दिवस थांबायचं, मगच दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च भरला, तर या कारणावर जागा मिळत नाही.
- स्वतःला हवाय: गरज खरी आहे हे सिद्ध करावं लागतं. जास्त हाल कुणाचे होतील, हेही कोर्ट बघतं. ताबा मिळाल्यावर महिन्याभरात वापर सुरू केला नाही किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिला, तर जुना भाडेकरू परत ताबा मागू शकतो.
- परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवलाय किंवा ६ महिने विनाकारण गाळा बंद आहे: हीसुद्धा कारणं चालतात, पण पुरावा हवा.

३. कागद कोणता आहे?

भाडेकरार आहे, लिव्ह अँड लायसन्स आहे, की नुसता तोंडी व्यवहार? लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा घ्यायचा जलद मार्ग राहत्या घरासाठी आहे, दुकानासाठी नाही. भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तिथे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे.

नोटीस पाठवताना आणि नंतर

नोटिशीत गाळ्याचं वर्णन, भाड्याचा दर, थकबाकीचा हिशेब, कारण आणि मुदत स्पष्ट लिहा. सही करा. पोचपावती मिळेल अशा पद्धतीने पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा. व्हॉट्सॲपच्या मेसेजवर भागवू नका.

कलम १०६ ची मुदत संपल्यावर पुढच्या महिन्याचं भाडं गुपचूप खिशात टाकू नका. तुम्ही नोटीस सोडून दिली, असा अर्थ निघू शकतो. आधी वकिलांना विचारा.

आणि रात्री जाऊन कुलूप बदलणं? अजिबात नाही. भाडेकरू ६ महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो. लाइट-पाणी तोडणं हे तर भाडे नियंत्रण कायद्यात स्पष्टच मना आहे.

तेव्हा आज एक काम करा. कराराचा कागद, भाडेपावत्या आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा एका फाइलमध्ये लावा आणि ती घेऊनच वकिलांकडे जा. आणि दुकानाचा माल मात्र ताबा हातात आल्यावरच भरा!