मृग लागायच्या आधी

आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. म्हणजे सात-आठ जूनला मृग नक्षत्र लागतं तेव्हा तुम्ही घरीच असता. आंबे खाऊन झालेले, मामाच्या गावाहून परत आलेले आणि "आता काय करू?" म्हणून आईच्या मागे लागलेले. त्या दिवसांसाठी एक काम सांगतो. आपलं घर तपासायचं.

आधी एक गणित करू. गडचिरोली जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण १२०० मिलिमीटर, म्हणजे १.२ मीटर पाऊस पडतो. तुमच्या घराचं छप्पर ६ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद धरा. क्षेत्रफळ ३० चौरस मीटर. ३० गुणिले १.२ म्हणजे ३६ घनमीटर, म्हणजेच ३६,००० लिटर पाणी. १५ लिटरच्या बादलीनं मोजलं तर २४०० बादल्या! एवढ्या बादल्या घराच्या डोक्यावर ओतल्या जातात आणि आपली अपेक्षा काय, तर एक थेंबही उशीवर पडू नये.

घर कवेलूचं असेल तर गळती शोधायला पावसाची वाट पाहू नका. पाऊस फसवतो. वरच्या भोकातून आत आलेलं पाणी वाशाला, कमचीला धरून घरंगळत जातं आणि दोन हात पलीकडे ठिबकतं. मग आपण भलतीच कवेलू बदलतो. ऊन असं फसवत नाही. चंद्रपूरला २० मेच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावलीच पडत नाही. पुढचे दोन-तीन आठवडेही तो डोक्याजवळच असतो. त्या दिवसांत बारा-सव्वाबाराला आतल्या खोलीत जा आणि दारंखिडक्या लावून घ्या. डोळे अंधाराला सरावले की जमिनीवर उन्हाचे ठिपके दिसू लागतील. हेच कवडसे. प्रत्येक कवडशाच्या जवळजवळ सरळ वर एक भोक आहे. खडूनं प्रत्येक ठिपक्याभोवती गोल काढा, आकडा घाला आणि वहीत खोलीचा नकाशा काढून तेच आकडे मांडा. झाला तुमचा गळतीचा नकाशा.

आता नीट बघा. छपरातली फट वेडीवाकडी, तिकोनी, कशीही असो, लहान फटीतून आलेला कवडसा गोलच दिसतो. असं का? कारण तो फटीचा आकार नसतो, ती सूर्याची प्रतिमा असते. छप्पर ३ मीटर उंच असेल तर कवडसा साधारण ३ सेंटिमीटरचा पडतो. मोजून पाहा. सूर्यग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. फट मोठी असेल तर मात्र कवडसा फटीच्या आकाराचा पडतो, तेव्हा अशा खुणेला वहीत दोन चांदण्या द्या. तिथलं काम आधी.

नकाशा तुमचा, पण छपरावर चढायचं काम मोठ्यांचं. हे मी अनुभवानं सांगतो. पहिल्या नोकरीच्या गावी मी कवेलूच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. "त्यात काय आहे?" म्हणत एकटाच वर चढलो आणि एक फुटकी कवेलू बदलायला गेलो, ती सहा फोडून खाली उतरलो. घरमालकीणबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकाजींनी दाखवलं. छपरावर बांबूची शिडी आडवी निजवायची आणि तिच्यावरूनच सरकायचं, म्हणजे माणसाचं वजन एका कवेलूवर न पडता वाशांवर वाटलं जातं. वेळ सकाळची. मेच्या दुपारी कवेलू तव्यासारखी तापते. काढताना आढ्याकडून खाली यायचं, आणि रचताना मात्र खालच्या कडेपासून वर जायचं. वरची कवेलू खालच्या कवेलूवर तीन-चार बोटं चढली पाहिजे, माशाच्या खवल्यांसारखी. उलटं रचलं तर पाणी सांध्यात शिरतं. याच कामाला आपल्याकडे "कवेलू फेरणं" म्हणतात.

गावातली अर्धगोल कवेलू कुंभार चाकावर नळीसारखी फिरवून घेतो आणि उभी चिरून तिचे दोन भाग करतो. सपाट, खाचांच्या कवेलूला लोक "इंग्रजी कवेलू" म्हणतात. खरं तर तिचा कारखाना १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी काढला होता, म्हणून पुण्या-मुंबईकडे ती मंगलोरी कौलं झाली. नाव काहीही असो, वानरांच्या उड्या आणि मेमधली वावटळ दोघींनाही सारखीच हलवते.

कवेलू काढलीच आहे तर खालचे वासे आणि कमच्याही पाहून घ्या. बोटानं टकटक करा. आवाज पोकळ आला, खाली पिठासारखा भुगा पडला, तर घुण लागली आहे. मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर उधई, म्हणजे वाळवी. पूर्वी चुलीचा धूर वर जाऊन बांबूवर काळा थर धरायचा आणि कीड दूर राहायची. आता गॅस आला. आईचे डोळे आणि फुप्फुसं वाचली, हे फार चांगलं झालं. पण वाशांची राखण आता आपल्याला करावी लागते.

टिनाचं छप्पर असेल तर खिळ्यांच्या टोप्या आणि त्याखालचे वायसर पाहायचे. स्लॅबच्या घरी पाणी उतरण्याचा पाइप पाल्यापाचोळ्यानं बुजला आहे का, एवढं पाहिलं तरी अर्धं काम झालं.

मातीची भिंत वरून कमी आणि खालून जास्त पडते. छपराच्या पागोळ्या रोज एकाच रेषेत पडतात, तिथे चर होतो, चरातलं पाणी पायात मुरतं आणि भिंत बसते. म्हणून त्या रेषेवर दगड-खडी पसरा आणि अंगणाचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला ठेवा. उतार कसा कळेल? सरळ पाटीवर अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवा, बुडबुडा उंच बाजूकडे पळतो. भिंत ओळंब्यात आहे का, हेही तुम्ही तपासू शकता. दोऱ्याला दगड बांधा, दोरा भिंतीच्या वरच्या कडेपासून दोन बोटं अंतरावर धरून खाली सोडा. वर, मध्ये, खाली सगळीकडे अंतर तेवढंच राहिलं पाहिजे. मध्ये पोट सुटलेलं दिसलं किंवा भेगेत बोट जायला लागलं, तर लिंपत बसू नका. पालकांनो, हे तुमच्यासाठी: तशा भिंतीखाली मुलांना झोपवू नका. साध्या बारीक भेगा मात्र माती, तणस आणि शेणाच्या काल्यानं मुलांनी खुशाल बुजवाव्यात. काला दोन-चार दिवस भिजू द्यावा, म्हणजे वाळताना तडकत नाही.

आता सांदवाडीकडे चला. हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून मी वर्गात एक गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा जुलैत जमिनीवर झोपला होता. पहाटे उठला तो पोट दुखतं म्हणून. घरच्यांना वाटलं, रात्रीचं जेवण बाधलं. थोड्या वेळानं त्याच्या पापण्या उघडेनात. वडील शहाणे, त्यांनी कोणाच्या मंत्राची वाट पाहिली नाही, सरळ दवाखान्यात नेलं. मण्यार चावली होती. मुलगा वाचला. ऑगस्टात शाळेत आला तेव्हा वर्गातल्या पोरांनी त्याला पुढच्या बाकावर बसवलं.

मण्यार काळी-निळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे असलेली. ती रात्री हिंडते. तिचे दात इतके बारीक की झोपेतल्या माणसाला पुष्कळदा कळतही नाही. सूज नाही, फारसं दुखणं नाही. विष पुढे श्वासाच्या स्नायूंवर जातं. ती घरात येते ती तुम्हाला चावायला नाही. उंदीर, पाली, लहान साप या भक्ष्यामागे येते. त्या मुलाच्या घरी मागच्या भिंतीला लागून जळणाची लाकडं रचलेली होती आणि त्याच्याच मागे उंदरांची बिळं निघाली.

म्हणून लाकडं, गोवऱ्या, जुनी कवेलू, विटा हे सगळं भिंतीपासून चार-पाच पावलं दूर, दगडांवर उंच रचा. हे मेमध्ये, उजेडात आणि मोठ्यांसोबतच करायचं. ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीनं हलवायचं. भिंतीतली बिळं काचेचे तुकडे आणि माती ठासून मोठी माणसं बुजवतील. धान्य झाकलेलं असलं की उंदीर कमी आणि उंदीर कमी की साप कमी. झोपायला खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली. तिनं डास आणि मण्यार दोन्ही अडतात. तरीही साप चावलाच तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, ती सरकारी दवाखान्यात मिळते.

संडासाच्या वाटेवरचं झुडूप मात्र आजच काढा. ताडोब्याच्या आजूबाजूच्या गावांना याचं कारण सांगायला नको. उकिरडा घराजवळ असला की कुत्री-डुकरं येतात, आणि त्यांच्या मागे बिबट्या.

डासांसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवून सगळी भांडी, टायर, करवंट्या पालथ्या करा. रांजण नुसता ओतू नका, आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. मलेरियाचा डास मात्र नाल्यात, डबक्यात, धानाच्या बांधीत वाढतो. पाण्यातली अळी नीट पाहा. डेंग्यूची अळी डोकं खाली करून लटकते, मलेरियाची पृष्ठभागाला समांतर आडवी पडते.

राहिलं कुंपण. खांबाला बांबू तीन वर्षांहून जुना घ्या, कोवळा लवकर किडतो. कापलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला तर त्यातलं पिष्ठ निघून जातं. घुणीला तेच आवडतं. खांब कुजतो तो जमिनीच्या रेषेवर, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे भेटतात. म्हणून तेवढा भाग डांबरानं माखायचा. खिळ्यानं बांबू चिरतो, तारेनं बांधा. असं कुंपण बकऱ्या अडवेल. वाघाला नाही.

आणि हो, बांबू हे गवत आहे, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. पण कायद्याच्या पुस्तकात तो कितीतरी वर्षं झाड होता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी आपला बांबू विकायला वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच मागावा लागे. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे २०१७ मध्ये कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून निघाला. तुमच्या आजोबांना विचारा, कुंपणाचा बांबू आणायला त्यांना कुठे जावं लागायचं. संध्याकाळभर सांगतील.

पहिला मोठा पाऊस आला की नकाशाची वही काढा. ज्या खुणेवर थेंब पडला नाही तिच्यावर काट मारा. माझ्या खोलीत त्या वर्षी अकरा खुणा होत्या. नऊवर काट बसली. उरलेल्या दोन खुणांखाली मी पावसाळाभर गंज ठेवत होतो.