सी, डी आणि हरवलेली गाणी

घरातला किंवा शाळेतला संगणक उघडा. त्याच्या पडद्यावर माहिती साठवण्याच्या जागा दाखवल्या असतील, तेथे तुम्हांला ‘सी’ हे इंग्रजी अक्षर दिसेल. अक्षरापुढे एकावर एक अशी दोन टिंबे असतात, आपल्या विसर्गासारखी. काही संगणकांत ‘सी’च्या शेजारी ‘डी’ असते, ‘ई’ही असते. पण ‘ए’ आणि ‘बी’ बहुधा कोठेच दिसत नाहीत. मोजणी तिसऱ्या अक्षरापासून का बरे सुरू झाली?

ही गोष्ट जुनी आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर विकायला काढला. त्याच्या पोटात माहिती साठवणारी कायमची डिस्क नव्हती. फ्लॉपी नावाची पातळ तबकडी चौकोनी पाकिटात असे. ती पाकिटासकट संगणकाच्या फटीत सरकवावी लागे. पहिल्या फटीला ‘ए’ म्हणत आणि दुसरीला ‘बी’. त्या वेळच्या एका फ्लॉपीवर फक्त १६० किलोबाइट माहिती मावे. आज मोबाइलने काढलेला एक फोटोसुद्धा बहुधा तीवर मावणार नाही! ज्या संगणकाला एकच फट असे, तेथे मोठी गंमत होई. त्याच एका फटीला संगणक कधी ‘ए’ म्हणे, कधी ‘बी’ म्हणे आणि फ्लॉपी बदलायला सांगे.

पुढे १९८३ साली याच कंपनीने नवा संगणक आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसवलेली होती. ‘ए’ आणि ‘बी’ ही नावे आधीच दिलेली होती, म्हणून तिला ‘सी’ हे नाव मिळाले. आता फ्लॉपी गेल्या. ‘ए’ आणि ‘बी’ यांच्या जागा मोकळ्या झाल्या. तरी ‘सी’ मात्र ‘सी’च राहिली. थोरले दोन भाऊ परगावी गेले, म्हणून तिसरा काही थोरला होत नाही.

मग ‘डी’ आणि ‘ई’ कोठून आल्या? मॉरिशसमध्ये राहणाऱ्या मुलांना उसाचे शेत ठाऊकच आहे. एका मोठ्या शेतात मधून वाटा काढल्या, की त्याचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी एक पाटी लावली, की मजुरांना सांगणे सोपे जाते. हार्ड डिस्कचेही तसेच करता येते. एकाच डिस्कचे दोन-तीन भाग करतात. अशा भागाला ‘पार्टिशन’ म्हणतात. प्रत्येक भागाला एकेक अक्षर देतात. ही अक्षरे म्हणजे शेतावरच्या पाट्या. तुम्ही पेन ड्राइव्ह लावलात, की त्यालाही एखादे रिकामे अक्षर मिळते.

ही पाटी डिस्कवर लिहिलेली नसते. विंडोज असलेला संगणक ती आपल्या स्वतःच्या नोंदवहीत लिहून ठेवतो. म्हणून एकच पेन ड्राइव्ह तुमच्या घरी ‘ई’ असतो आणि मावशीच्या घरी ‘एफ’ होतो. पूर्वीचा डॉस अशी वही ठेवतच नसे. संगणक सुरू झाला, की तो दरवेळी नव्याने मोजणी करी. त्यामुळे कोणी दुसरी डिस्क बसवली, तर कालची ‘डी’ आज ‘ई’ होऊन बसे!

अक्षर बदलले, तर आतल्या वस्तूंचे काय होते? आमच्या शेजारच्या मुलीच्या घरी घडलेला प्रसंग सांगतो.

तिचे आजोबा झाकरीची गाणी म्हणत. आवाज खडा, आणि ठेका असा, की ऐकणाऱ्याचे पाय थांबत नसत. ती गाणी तिच्या बाबांनी संगणकाच्या ‘डी’ या भागात साठवली होती. पुढे आजोबा वारले. एकदा गणेश चतुर्थीच्या आधी बाबांनी नवी डिस्क आणली. जुन्या भागाचे ‘डी’ हे अक्षर त्यांनी काढून घेतले आणि नव्या डिस्कला दिले. जुन्या भागाला दुसरे अक्षर द्यायचे मात्र राहून गेले.

संध्याकाळी मुलीने ‘डी’ उघडले. आत काहीच नव्हते.

“बाबा, आजोबांची गाणी गेली!” ती रडू लागली.

मामा घरी आलेला होता. त्याने डिस्कचा नकाशा दाखवणारी खिडकी उघडली. तेथे एक भाग बिनअक्षराचा दिसला. मामा म्हणाला, “दाजी, हा रिकामाच दिसतोय. फॉरमॅट करून टाकू का?”

“थांब!” बाबा म्हणाले. “रिकामा असता, तर सगळी जागा मोकळी दाखवली असती. येथे तर अर्ध्याहून जास्त जागा भरलेली आहे.”

बरे झाले, बाबांनी आकडे वाचले. फॉरमॅट करणे म्हणजे शेत नांगरून टाकणे. मग पाटी लावून काय उपयोग? अक्षर काढल्याने मात्र ऊस जागचा हलत नाही. फक्त शेताकडे जायची वाट दिसेनाशी होते.

बाबांनी काय केले, ते पाहा. त्या खिडकीचे नाव ‘डिस्क मॅनेजमेंट’. स्टार्ट बटणावर माउसची उजवी कळ दाबली, की येणाऱ्या यादीत ते नाव सापडते. बाबांनी बिनअक्षराच्या भागावर उजवी कळ दाबली आणि ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ ही ओळ निवडली. मग ‘ॲड’ म्हटले. आधीपासून अक्षर असते, तर ‘चेंज’ म्हणावे लागले असते. संगणकाने रिकाम्या अक्षरांची यादी समोर ठेवली.

“कोणते देऊ?” बाबांनी विचारले.

“जी!” मुलगी डोळे पुसत म्हणाली. “गाणी इंग्रजीत लिहिताना जी येतो ना!”

‘जी’ उघडले. सगळी गाणी होती तशी होती.

त्याच यादीत ‘फॉरमॅट’ आणि ‘डिलीट व्हॉल्यूम’ या ओळीही अगदी जवळजवळ असतात. म्हणून हे काम घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करावे. ‘सी’च्या वाटेला तर जाऊच नये. तेथे स्वतः विंडोज राहते आणि आपले अक्षर ते या खिडकीतून बदलू देत नाही.

एवढ्यावर काम संपले नाही. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामात मुलीने आवडीच्या गाण्यांची यादी केली होती. त्या यादीत सगळे पत्ते ‘डी’चे होते. पहिले गाणे लावताच ‘फाइल सापडत नाही’ अशी सूचना आली. घराची पाटी बदलली, पण टपालवाल्याला कोणी सांगितलेच नव्हते! मग मुलगी आणि मामा दोघे बसले. एकेक गाणे ‘जी’मधून उचलून त्यांनी यादी पुन्हा केली. त्यात जेवणाची वेळ टळून गेली. आई दोनदा हाक मारून गेली, पण तोवर आजोबांचे तिसरे गाणे सुरू झाले होते आणि मामा टेबलावर ठेका धरून बसला होता.