नवे कर्नल आधी कोण चालवून पाहतो?

कर्नल म्हटले की फौजेतला अधिकारी आठवतो. संगणकातला कर्नल वेगळा. बदामाच्या आतल्या गराला इंग्रजीत हा शब्द आहे. लिनक्स कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. पडदा, कीबोर्ड, डिस्क, मेमरी यांच्याकडून काम करून घेणे आणि प्रत्येक प्रोग्रामला त्याचा वाटा देणे, हे त्याचे काम. फिनलंडचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने तो १९९१ साली जाहीर केला. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम ८०००' महासंगणकही त्याच वर्षीचा. पालकांच्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाइलमध्येही हाच गाभा असतो.

दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती निघते. पहिले दोन आठवडे जगभरातून आलेले हजारो बदल स्वीकारले जातात. मग दार बंद होते आणि बहुधा दर रविवारी एक 'आरसी', म्हणजे उमेदवार आवृत्ती, बाहेर पडते. अशा सात, कधी आठ निघतात. त्या कोणीही उतरवून आपल्या संगणकावर चालवाव्यात आणि काय बिघडले ते कळवावे, अशी अपेक्षा असते. मोठ्या कंपन्यांची यंत्रे रात्रंदिवस आपोआप चाचण्या करतात हे खरे, पण जगातले प्रत्येक जुने साउंड कार्ड आणि प्रत्येक लॅपटॉप त्यांच्याजवळ कुठून असणार? म्हणून स्वयंसेवक हवेत.

मार्च २०२१ मध्ये काय झाले ते पाहा. मेमरी अपुरी पडली की संगणक काही माहिती तात्पुरती डिस्कवर ठेवतो. या जागेला स्वॅप म्हणतात. कोणी त्यासाठी डिस्कचा वेगळा भाग राखतो, कोणी एक फाइल. ५.१२ च्या पहिल्या उमेदवार आवृत्तीत अशी चूक शिरली की, फाइल ठेवणाऱ्यांच्या डिस्कवर स्वॅपची माहिती भलत्याच जागी लिहिली जाऊ लागली. म्हणजे दुसऱ्या फायली खराब! वेगळा भाग राखणाऱ्यांना मात्र काहीच जाणवले नाही. चाचणीत हे लवकर उघड झाले. टोरवाल्ड्स यांनी त्या आवृत्तीच्या नावालाच 'वापरू नका' अशा अर्थाची शेपटी जोडली आणि दुसरी उमेदवार आवृत्ती रविवारची वाट न पाहता शुक्रवारी, ५ मार्चला काढली. अंतिम आवृत्तीपर्यंत ही चूक पोहोचली नाही.

हजारो बदलांतून दोषी बदल शोधतात कसा? गणिताच्या तासाला खेळता तसाच हा खेळ आहे. मनात १ ते १००० मधला एक आकडा धरा. "५०० पेक्षा मोठा का?" असे दर वेळी निम्मे करत गेले की दहा प्रश्नांत उत्तर सापडते. इथेही मधली आवृत्ती चालवून पाहायची, चांगली की वाईट ते सांगायचे, आणि उरलेल्या निम्म्यात शोधायचे. सोळा हजार बदल असले तरी चौदा फेऱ्या पुरतात. प्रत्येक फेरीला कर्नल नव्याने बांधावा लागतो. जुन्या यंत्रावर त्याला तासन्‌तास लागू शकतात, म्हणून धीर हवा.

"चालत नाही" एवढेच कळवून उपयोग नाही. यंत्र कोणते, कोणत्या आवृत्तीपर्यंत ठीक होते, काय केले की बिघडते आणि पडद्यावर कोणता संदेश आला, हे लिहावे. प्रयोगवहीची सवय इथे कामी येते. दुरुस्ती झाली की तक्रार करणाऱ्याचे नाव बहुधा त्या बदलासोबत कायमचे नोंदले जाते. पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे की नाव आणि ईमेल सर्वांना दिसतात. म्हणून मोठ्यांच्या संमतीनेच कळवावे.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, भंगारात काढायचा एखादा संगणक वरच्या वर्गांना या कामासाठी द्यावा. गुणपत्रिका व फीचा हिशेब असलेल्या संगणकाला कोणी हात लावू नये. चाचणीच्या यंत्रावर जुना कर्नलही राहू द्यावा. नवा अडला तर चालू करतानाच्या यादीतून जुना निवडता येतो.