आवरणारे हात

गेल्या दिवाळीतली गोष्ट. धाकटी बहीण मुलीला घेऊन आमच्याकडे आली होती. भाची दहा वर्षांची. दोन वर्षांपासून तिला मधुमेह आहे. फराळाला बसण्याआधी पोर निमूटपणे इन्सुलिनची सुई टोचून घेते. शेजारच्या काकू च्यवनप्राशाची बरणी घेऊन आल्या आणि मायेने म्हणाल्या, "पोरीची प्रतिकारशक्ती वाढवा हो!" मी मराठीचा प्राध्यापक, भारदस्त शब्द ऐकला की मान डोलावतो. बहीण मात्र गप्प होती. काकू गेल्यावर हळूच म्हणाली, "दादा, लहानपणी मीच तिचे गोडाधोडाचे लाड केले रे. म्हणूनच हे झालं."

तिची ती टोचणी माझ्या मनातून जाईना. दिवाळी सरल्यावर भाचीच्या डॉक्टरांना गाठले. ते म्हणाले, "प्रोफेसर, लहान मुलांच्या या मधुमेहाचा गोड खाण्याशी संबंध नाही. प्रतिकारशक्तीही कमी पडलेली नाही. उलट तिने घरच्याच माणसांवर काठी उगारली आहे!" भाचीच्याच पांढऱ्या पेशींनी तिच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट केल्या होत्या.

मग मी या विषयाच्या मागेच लागलो. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींची ही पाठशाळा. स्वतःच्याच शरीरावर धावून जाणाऱ्या पेशी इथेच निकालात निघतात. पण परीक्षा कितीही कडक ठेवली तरी काही उनाड विद्यार्थी निसटतातच, हे मास्तराला कोणी सांगायला नको! मग आपण सगळेच आजारी का पडत नाही?

याचे उत्तर जपानमधल्या शिमोन साकागुची यांनी शोधले. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराची थायमस काढली, तर त्याचे शरीर पुढे स्वतःवरच उलटते. अशा उंदरांना त्यांनी निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्या, आणि रोग टळला. म्हणजे त्याच सैन्यात आवरणारे हातही होते! त्या काळी अशा पेशींच्या कल्पनेवरून शास्त्रज्ञांचा विश्वास उडाला होता, पण साकागुचींनी चिकाटी सोडली नाही. १९९५ मध्ये त्यांनी त्या पेशी ओळखून दाखवल्या. त्यांनाच आज नियामक टी पेशी म्हणतात.

इकडे अमेरिकेत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल हे खपल्या धरलेल्या कातडीच्या, काही आठवड्यांतच मरणाऱ्या उंदरांचा शोध घेत होते. वीस जनुकांवर संशय होता. दोष सापडला तो अगदी शेवटच्या, विसाव्या जनुकात. त्याचे नाव फॉक्सपी-३. हेच जनुक बिघडले तर मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, अतिसार, इसब असे रोग घेरतात, हे २००१ मध्ये कळले. नियामक पेशी घडतात त्या याच जनुकाच्या हुकमाने, हे २००३ मध्ये उलगडले. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

या पेशी काम करतात तरी कशा? भांडखोर पेशींना चेतवणारे रसायन त्या स्वतःच पिऊन टाकतात आणि शांत करणारी द्रव्ये सोडतात. घरातल्या वडीलधाऱ्या बाईसारखे त्यांचे वागणे जागेप्रमाणे बदलते. आतड्यात रोजच परके अन्न आणि असंख्य जंतू. तिथे त्या पाहुण्यांशी सलोखा राखतात. भाजीपाल्यातला चोथा आतड्यातले जंतू आंबवतात, आणि त्यातून निघणारे ब्यूटिरेट या पेशींना बळ देते, असे उंदरांवरच्या प्रयोगांत २०१३ मध्ये दिसले. दुखावलेल्या स्नायूत त्या गोळा होऊन झीज भरून काढायला मदत करतात. कातडीत केसांच्या मुळांना पुन्हा वाढीला लावतात. हेही बहुतेक उंदरांकडूनच कळलेले. गर्भारपणात तर निम्मे पित्याचे असलेले बाळ आईच्या शरीराने परके मानू नये, याची काळजी त्याच वाहतात.

पण आवरण्यालाही मर्यादा हवी. कर्करोगाच्या गाठी याच पेशींना भोवती जमवून त्यांच्या आडोशाने वाढतात. फार आवरले तर चोर शिरतो, फार थोडे आवरले तर घर पेटते.

या पेशी शरीराबाहेर वाढवून पुन्हा रोग्याला देण्याचे प्रयोग चालू आहेत. पण उगाच आशा लावणे बरे नव्हे. भाचीची सुई सुटलेली नाही.

हे सारे मी बहिणीला फोनवर सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग इतकेच म्हणाली, "म्हणजे माझ्या हातून काही झालं नाही ना रे?"

"नाही," मी म्हणालो.

यंदा भाऊबीजेला ती येणार आहे. भाचीच्या ताटात मोजून का होईना, एक करंजी असेल. सुई आधी, करंजी मागून. आणि काकू आल्या की प्रतिकारशक्तीचा अर्थ त्यांना मीच समजावून सांगणार आहे.