बॅटरीगाडीला माल ओढायला लावण्यापूर्वी

माल किती आला आणि किती विकला याचा हिशेब आपण सगळेच ठेवतो. माल हलवायला काय लागले याचा हिशेब मात्र फार थोडे व्यापारी ठेवतात. हमालीचे पैसे रोजच्या किरकोळ खर्चात जातात आणि हमालाची पाठ कोणत्याच वहीत जात नाही. आम्हीही कपड्याच्या धंद्यात वर्षानुवर्षे असेच केले.

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघे येथे आमचे गोदाम आहे. ट्रक फाटकापर्यंतच येतो. आत सुमारे तीनशे पावले वाट आहे आणि ती गोदामाकडे उतरती आहे. येणारा माल उताराने खाली न्यायचा आणि जाणारा माल चढाने वर आणायचा. हे काम आमच्याकडचे एक जुने हमाल काका हातठेल्यावर करीत. त्यांचे गुडघे बोलू लागले तेव्हा आम्ही एका बंद पडलेल्या हॉटेलातली चार जणांची जुनी बॅटरीगाडी दलालामार्फत घेतली. गोल्फच्या मैदानावर खेळाडूंना फिरवण्यासाठी बनवतात तीच ही गाडी. आपल्याकडे ती मोठी हॉटेले, इस्पितळे आणि विमानतळांवर दिसते. मागे ट्रॉली जोडली की काम झाले, अशी आमची समजूत होती.

ट्रॉली पाहून काकांनी विचारले, "सेठजी, ओढते तं खरी, पण हिले थांबवन कोन?" आम्ही हसून सोडून दिले. पहिल्याच दिवशी सहा गाठी लादल्या. उतारावर ट्रॉलीने गाडीला मागून रेटले, गाडी आडवी फिरली. चाकाखाली दगड घालायला धावलेल्या काकांच्या पायाची दोन बोटे मोडली. पुढचे दोन महिने ते घरी होते. औषधपाणी आणि रोजी आम्ही दिली, पण त्यात उपकार काही नव्हता. चूक आमचीच होती. ही चूक दुसऱ्या कोणा व्यापारी बांधवाने करू नये म्हणून हा लेख.

वजनाचा साधा हिशेब

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मोटारीची भाषा आम्ही मिस्त्रीच्या बाजूला बसून शिकलो, म्हणून ती तशीच सोपी सांगतो.

कपड्याच्या गाठीचे वजन कमीजास्त असते. हिशेबासाठी कापसाची ठरलेली १७० किलोची गाठ धरू. सहा गाठी म्हणजे १०२० किलो. ट्रॉलीचे दीडशे किलो मिळवले की झाले ११७०. आमची गाडी बॅटऱ्या आणि चालक धरून साडेपाचशेची. म्हणजे मागचे ओझे पुढच्या गाडीच्या दुपटीहून जास्त. त्यात अशा बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि ते गाडी व चार माणसांपुरतेच बनवलेले असतात. जे झाले ते न झाले असते तरच नवल.

आता ओढण्याचा हिशेब. तीन गाठी लादल्या तर गाडी, ट्रॉली आणि माल मिळून सुमारे १२०० किलो होतात. पक्क्या सपाट जमिनीवर एवढे वजन चालते ठेवायला साधारण २५ किलोचा जोर पुरतो. वीस फुटांना एक फूट चढ असला की त्यात ६० किलो वाढतात. म्हणजे जोर तिपटीहून जास्त. आणि पावसाळ्यात आपल्या वऱ्हाडी काळ्या मातीत चाक रुतले, तर सपाटीवरही शंभर किलोच्या पुढे जोर लागतो. म्हणून मोटर बदलण्याआधी वाट पक्की करा. मुरूम टाकून दाबलेली वाट हीच सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

खर्च कोणत्या क्रमाने करावा

पहिला खर्च थांबवण्याचा. ट्रॉलीच्या दांड्यात सरकता जोड बसवता येतो. ट्रॉली पुढे रेटू लागली की तोच रेटा तारेने ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक आवळतो. गाडीचे ब्रेक नवे करून घ्या. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर तिचे भरलेले वजन गाडीपेक्षा कधीही जास्त नको, आणि उतार असेल तर निम्म्यावरच थांबा. लाकडाची पाचर दोरीने ट्रॉलीला बांधलेली असावी. दगड शोधत धावण्याची वेळ येऊ देऊ नये.

दुसरा खर्च जोडणीचा. ओढायचा हुक गाडीच्या लोखंडी चेसिसलाच बसवा. मागच्या बंपरला किंवा फायबरच्या अंगाला लावलेला हुक एक दिवस हातात येतो. माल ट्रॉलीच्या आसापेक्षा किंचित पुढे ठेवा, म्हणजे भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर येईल. सगळा माल मागे लादला तर ट्रॉली गाडीचे मागचे अंग उचलते आणि डोलू लागते.

तिसरा खर्च गिअरचा. या गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये बहुधा मोटरच्या बारा-साडेबारा फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. काही गाड्यांसाठी पंधरा-सोळा फेऱ्यांचे गिअर मिळतात. वेग कमी होतो, पण तितकाच जोर वाढतो आणि मोटर कमी तापते. मोठे टायर गाडीला शोभा देतात, पण जोर कमी करतात. माल ओढायचा तर मूळ मापाचेच, जास्त वजन पेलणारे टायर घ्या.

चौथा खर्च विजेच्या वाटेचा. मोटरचा जोर अँपिअरवर आणि वेग व्होल्टवर अवलंबून असतो. त्यामुळे जोर हवा म्हणून व्होल्ट वाढवणे ही चुकीची वाट आहे. मूळ कंट्रोलर अडीचशे-तीनशे अँपिअरचा असेल, तर चारशेच्या पुढचा बसवता येतो. पण मग त्याच्यासोबत जाड केबल आणि मोठा काँटॅक्टरही बदलावा लागतो. आम्ही आधी फक्त कंट्रोलर बदलला आणि चौथ्या दिवशी केबलचे आवरण वितळले. आमच्या उतारावर तीन गाठी घेऊन ताशी ८ किलोमीटरने चढताना ४८ व्होल्टची गाडी पन्नास-पंचावन्न अँपिअर खाते, सपाटीवर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. वेग दुप्पट केला की खाणेही दुप्पट. निघतानाचा धक्का तर याच्या कितीतरी पट असतो. म्हणून हळू निघा, हळू चला.

मोटर सर्वांत शेवटी. जुन्या सीरीज मोटरला सुरुवातीचा जोर भरपूर असतो, पण उतारावर ती गाडीला रोखत नाही. नव्या एसी मोटरच्या बहुतेक गाड्यांत पाय उचलला की मोटरच ओढ धरते. उतार असलेल्यांनी हा फरक पाहूनच गाडी घ्यावी. आणि वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. दुपारी सलग फेऱ्या मारू नका, मोटर हात लावता येईल इतकी थंड होऊ द्या.

बॅटरी आणि गोदाम

शिसे-आम्लाच्या सहा बॅटऱ्यांचे वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जाते. निम्म्यापेक्षा जास्त उतरवल्या नाहीत तर त्या जास्त दिवस टिकतात. पाणी डिस्टिल्डच घालावे. आमची गाडी रोजच्या कामाला पाच युनिटच्या आत वीज घेते. लिथियमची बॅटरी हलकी, देखभाल कमी, पण दोन गोष्टी पाहा. तिच्यातले संरक्षण यंत्र निघतानाचा अँपिअर सोसणारे हवे, नाहीतर गाडी भर चढावर बंद पडते. दुसरे, वजन घटले की मागच्या चाकांची पकडही घटते.

सर्वांत महत्त्वाचे असे की शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते आणि तो ठिणगीने पेटतो. कपड्याच्या गोदामात चार्जिंग म्हणजे गवताच्या गंजीत दिवा ठेवणे. आम्ही भिंतीबाहेर, चारी बाजूंनी मोकळी पत्र्याची शेड केली आहे.

रस्त्यावर नको

मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायचे खास वाहन वगळलेले आहे. म्हणून ही गाडी फाटकाच्या आतच ठेवा. बाजारात माल न्यायचा तर नोंदणी झालेले वाहन घ्या. ई-कार्टसाठी २०१४ च्या नियमांत ३१० किलो मालाची आणि ताशी २५ किलोमीटर वेगाची मर्यादा घातली गेली, आणि २०१५ च्या दुरुस्तीने ई-रिक्षा व ई-कार्टला कायद्यात जागा मिळाली. नोंदलेल्या वाहनात मनाने फेरफार करणे कलम ५२ खाली चालत नाही.

माणसाचे काय?

यंत्र आले की माणसाचे काय, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. १९३४ साली इथेच अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत कुमारप्पांनी याच प्रश्नावर डोके चालवले. पुढे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सुधारलेली पायरिक्षा, मोटरची मदत घेणारी पायरिक्षा आणि पूर्ण बॅटरीवरची रिक्षा असे तिन्ही प्रकार करून पाहिले. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून माणसाने माणसाला रिक्षात ओढण्याची रीत तिथे टिकून राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. तिथेही मुद्दा हाच होता की ओझे यंत्राने घ्यावे, पण ओढणाऱ्याची रोजी जाऊ नये.

आमच्या गाडीचे चाक आज काकांच्याच हाती आहे. रोजी तीच ठेवली आहे. तीन गाठींच्या वर चौथी लादू देत नाहीत. मागच्या महिन्यात ट्रक उशिरा आला, आम्ही घाई केली, तर चावी काढून खिशात घातली आणि म्हणाले, "दोन फेऱ्या होतीन." दोन फेऱ्या झाल्या. पंधरा मिनिटे जास्त लागली. ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांनी हिशेबाच्या वहीत ही पंधरा मिनिटे आधीच लिहून ठेवावीत.